आधी पाणी, मग खरवस

ॲक्सोलॉटल पाळायचा असेल तर पहिले दीड-दोन महिने ॲक्सोलॉटल घरात आणायचा नाही. आणायचं फक्त पाणी. कोणी विचारलं की मी आता एवढंच सांगते, आणि समोरच्याचा चेहरा उतरतो. त्यांना किंमत आणि दुकानाचा पत्ता हवा असतो. बहुतेकांच्या हाताला एक शाळकरी मूल असतं आणि त्या मुलाने माइनक्राफ्टमध्ये हा प्राणी पाहिलेला असतो. २०२१ साली तो त्या खेळात आला आणि तेव्हापासून आईबापांच्या मागे लागला. आमच्याकडेही लेकीच्या हट्टानेच आला. हट्ट तिचा आणि काम माझं, ही वाटणी मला सुरुवातीपासून ठाऊक होती, त्याबद्दल तक्रार नाही.

मी हिशेब तपासणारी बाई. आकडा जुळल्याशिवाय पुढच्या पानावर जायचं नाही, ही नोकरीतली खोड. हीच खोड या छंदात एवढी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

आमच्या पुण्यातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये तीन फुटी, शंभरेक लिटरची टाकी कित्येक आठवडे रिकामी उभी होती. रिकामी म्हणजे पाणी, फिल्टर आणि पालथ्या घातलेल्या दोन कुंड्या, एवढंच. येणारा-जाणारा वाकून बघायचा, मासा शोधायचा आणि सापडला नाही की आमच्याकडे बघायचा. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "हिने पाणी पाळलंय." टोमणा होता, पण खरा होता. मी त्या पाण्यात रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकून ते कुजू देत होते. कुजलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो. तो खाणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात हळूहळू वस्ती करतात आणि त्याचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू जम बसवतात आणि त्याचं नायट्रेट करतात, जे थोड्या प्रमाणात चालतं आणि पाणी बदललं की कमी होतं. ही वस्ती बसायला महिना-दीड महिना जातो. ती नसताना प्राणी सोडला तर तो स्वतःच्याच विष्ठेतल्या अमोनियाने भाजतो. मऊ उघडी कातडी आणि डोक्यामागे बाहेर फुललेले कल्ले असलेल्या जिवाला हे माशापेक्षा जास्त लागतं.

तपासणीचा संच म्हणजे काही छोट्या बाटल्या, काचेच्या नळ्या आणि रंगांचा तक्ता. अमोनिया पिवळ्यावरून हिरव्याकडे जातो, नायट्राइट निळ्यावरून जांभळ्याकडे, नायट्रेट पिवळ्यावरून लालकडे. नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवावी लागते, नाहीतर तिच्या तळाशी बसलेला गाळ मिसळत नाही आणि आकडा कमी येतो. सोयीचा आकडा आला की मी नोकरीतही आधी तोच पुन्हा तपासते. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट वीसच्या आत, असं सलग दिसायला लागलं तेव्हा लेकीने टाळ्या वाजवल्या. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आता मासा?"

मासा नाही. दुकानातही त्याला 'चालणारा मासा' म्हणूनच विकत होते, पण हा बेडकाच्या नात्यातला, सॅलमँडर. इतर सॅलमँडर मोठे होताना कल्ले टाकून जमिनीवर येतात. याच्या शरीरात थायरॉइडचं संप्रेरक त्या बदलापुरतं वाढतच नाही, त्यामुळे तो लहानपणचे कल्ले घेऊनच वयात येतो, प्रजनन करतो आणि म्हातारा होतो. १८६४ मध्ये पॅरिसच्या वनस्पती उद्यानात ओग्यूस्त द्युमेरील या प्राणिशास्त्रज्ञाकडे मेक्सिकोहून आलेले सहा ॲक्सोलॉटल पोचले. त्यांना पिल्लं झाली आणि त्यातली काही पिल्लं कल्ले टाकून चक्क जमिनीवरचे सॅलमँडर झाली, तेव्हा द्युमेरील चक्रावून गेले होते. जगभरच्या प्रयोगशाळांतले ॲक्सोलॉटल बव्हंशी त्याच सहांच्या वंशातले.

दुकानातल्या काचेच्या पेटीत पाच-सहा पिल्लं एकमेकांवर पडलेली होती. तळाला रंगीत खडे, वर झगझगीत दिवा आणि पाणी हाताला कोमट. वाचून गेले होते म्हणून प्रत्येक गोष्ट खटकली. हा प्राणी तोंड उघडून समोरचं सगळं पाण्यासकट ओढून घेतो, त्यात खडा गेला तर आतडं तुंबतं. पापण्या नाहीत, त्यामुळे उजेड नकोसा होतो. आणि दाटीत ठेवलेली पिल्लं भूक लागली की शेजाऱ्याचा पाय तोडतात. एका पांढऱ्या-गुलाबी पिल्लाचा पुढचा डावा पाय कोपरापासून नव्हता. लेकीने तेच निवडलं. दुकानदार प्रामाणिक निघाला. "मॅडम, हा डिफेक्टिव्ह पीस आहे, बघा," म्हणाला आणि पैसे कमी केले.

त्याचं नाव खरवस ठेवलं.

पाय परत येतो हे पुस्तकात वाचणं वेगळं. आधी तुटलेल्या जागी पांढरट फुगवटा आला. मग तो लांबला, चपटा झाला, आणि एके दिवशी त्याच्या टोकाला बोटांच्या खुणा दिसल्या. पुढच्या पायाला चार बोटं असतात, मागच्याला पाच. दोन-अडीच महिन्यांत चारही बोटं आली. सुरुवातीला पाय बारीक होता, नंतर शरीराबरोबर वाढला. आता कोणता पाय नवा हे मलाही ओळखता येत नाही. पाय, शेपूट, मज्जारज्जू आणि हृदयाचा काही भागही हा प्राणी पुन्हा घडवू शकतो. म्हणून शास्त्रज्ञ त्याच्या मागे आहेत. २०१८ मध्ये त्याच्या जनुकसंचाचं वाचन झालं. सुमारे ३२०० कोटी अक्षरं, माणसाच्या दसपट. आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंना हे सांगितलं तर त्यांचा प्रश्न वेगळाच: "पण वहिनी, डोळेच मिटत नाही, मग हा झोपतो कधी?" मी बघायला लागले. झोपतो, पण कल्ल्यांची फडफड कमी होते यावरूनच ते ओळखायचं. हे मला ताईंमुळे कळलं.

खरी परीक्षा एप्रिलमध्ये लागते. या प्राण्याला १६ ते १८ अंशांचं पाणी मानवतं. चोविसाच्या वर गेलं की भूक मरते आणि बुरशी धरते. पुण्यात पंखा लावलेल्या हॉलमधलं पाणी मे महिन्यात एकतीसला जातं. पहिला उपाय म्हणजे टाकीचं झाकण काढून पृष्ठभागावर वारा मारणारे छोटे पंखे. माठासारखंच हे काम. बाष्पीभवनाने पाणी तीन-चार अंश उतरतं. पण माठाला जी अडचण तीच यांनाही. कोरड्या एप्रिलमध्ये उपाय चालतो, जूनची पहिली सर येऊन हवा ओली झाली की पंखे फिरतात आणि पारा हलत नाही. मुंबईतल्या एका ओळखीच्या बाईंकडे तर ते एप्रिलमध्येही निकामी ठरले होते. बर्फाच्या बाटल्या सोडणं हा दुसरा उपाय. बाटली टाकली की तापमान झरकन खाली, वितळली की पुन्हा वर. हा हेलकावा उष्णतेइतकाच वाईट.

शेवटी चिलर घ्यावा लागतो. त्याला टाकी, फिल्टर, दिवा सगळं मिळून लागलं त्याहून जास्त पैसे लागले. यावर घरात जे बोलणं झालं त्यातलं सासूबाईंचं वाक्य तेवढं सांगते: "या पाण्यातल्या पालीला एसी, आणि मला पंखा." चिलर पाण्यातली उष्णता उचलून मागून खोलीत फेकतो, म्हणजे सासूबाईंच्या हॉलची गरमी उलट वाढली. त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. महिन्याभरात त्यांच्या खोलीत एसी बसला. खरवसचा खर्च मांडताना हा एसीही त्यात धरावा असं माझं प्रामाणिक मत आहे. विजेचं बिल मी वेगळं लिहीत नाही.

पुण्यात गुरुवार हा देखभालीचा वार. काम निघालं की त्या दिवशी नळ बंद, शुक्रवारी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येतं, आणि बऱ्याचदा गुरुवारीच वीजही जाते. एका मेमधल्या गुरुवारी ती सकाळी गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. इन्व्हर्टरवर फिल्टर आणि हवेचा पंप चालतो, चिलर चालत नाही. संध्याकाळी पाणी सव्वीसला होतं. पुढच्या दोन-तीन दिवसांत खरवसच्या कल्ल्यांवर कापसासारखी बुरशी दिसली आणि शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलं. गांडूळ समोर धरलं तरी तोंड वळवायचा. प्राण्यांच्या डॉक्टरांनी फोनवर सरळ सांगितलं, "मी कासवं बघतो, हा मी कधी हातात घेतलेला नाही." खोटं औषध लिहून देण्यापेक्षा हे मला बरं वाटलं.

मग जे जुने पाळणारे करतात ते केलं. झाकणाच्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात क्लोरीन काढलेलं पाणी घेतलं, ते तासातासाने थंड करत आणलं आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला. पाच ते आठ अंशांत बुरशीची वाढ मंदावते, त्याचं स्वतःचं शरीरही मंदावतं आणि झुंजायला वेळ मिळतो. रोज सगळं पाणी बदलायचं, आणि बदलायचं पाणीही आधीच फ्रिजमध्ये थंड करून ठेवायचं. याबाबत पाळणाऱ्यांमध्ये दोन तट आहेत. काहींच्या मते एवढी थंडी हाच त्याच्यावर ताण. माझं मत असं की हा शेवटचा उपाय आहे, पण आहे. डब्यात देशी बदामाची वाळलेली पानं टाकली. त्यातला तुरट अंश कातडीला सौम्य पडतो. आमच्या गल्लीत ते झाड आहे, त्यामुळे हे एकच औषध फुकट मिळालं. दह्याचं पातेलं, दूध, कोथिंबीर वरच्या कप्प्यात गेली. मी भांडणाची तयारी ठेवली होती. पण सासूबाईच प्रत्येकाला बजावू लागल्या, "दार हळू लावा, आत पेशंट आहे." आठवडाभराने बुरशी गळाली. त्यानंतर त्यांनी त्याला पाल म्हटल्याचं मी ऐकलं नाही. त्या त्याला 'अहो खरवस' म्हणतात, का ते विचारायचं धाडस मी केलं नाही.

खाण्याचं प्रकरण शाकाहारी घरात अवघडच. गोठवलेल्या रक्तकृमींच्या वड्या मटारशेजारी ठेवायला सक्त मनाई होती, म्हणून गांडुळांवर आले. इथे एक बारीक गोष्ट आहे. गांडूळखताच्या प्रकल्पात जी लाल, चपळ गांडुळं मिळतात ती त्रास दिला की कडवट द्रव सोडतात. खरवस ती तोंडात घ्यायचा आणि थुंकायचा, पुन्हा घ्यायचा, पुन्हा थुंकायचा. आपल्याकडे खतासाठीच आफ्रिकन जातीची मोठी गांडुळंही वाढवतात, ती तो आनंदाने खातो. आता गॅलरीत त्यांचा डबा आहे. भाजीची सालं गांडुळं खातात, काही गांडुळं खरवस खातो, आणि टाकीतलं बदललेलं पाणी मोगऱ्याला जातं. नायट्रेट म्हणजे झाडाला खतच. मोगरा इतका कधी फुलला नव्हता. चातुर्मासात कुजबूज झाली होती, तेव्हा सासूबाईंनीच निकाल दिला: व्रत आपलं, त्याचं नाही.

लेकीचा उत्साह वर्षभराने ओसरला, जसा ओसरायचा होता. हा प्राणी मांडीवर येत नाही. हातात घेतला तर त्याच्या कातडीवरचा चिकट थर निघतो, म्हणून घ्यायचाही नाही. काचेवर सावली दिसली की पुढे येतो, ते खाण्यासाठी. ज्यांना लळा हवा त्यांनी मांजर आणावं. मला मात्र हा अबोलपणा मानवला. दिवसभर माणसांच्या खुलाशांत बसल्यावर संध्याकाळी खुलासा न देणाऱ्या जिवासमोर बसायला बरं वाटतं.

कागदपत्रंही आहेत. १९७५ पासून हा प्राणी आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, आणि २०२४ च्या नियमांनुसार असे विदेशी प्राणी घरी असतील तर परिवेश पोर्टलवर त्यांची नोंद करावी लागते. घरात पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात. दुकानात हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि पिल्लं ही मोजकी बाब नाही. मादी एका वेळी शेकडो अंडी घालते. एका ओळखीच्या गृहस्थांनी नर-मादी एका टाकीत ठेवले आणि मग भेटेल त्याला पिल्लं देऊ करत फिरले. अंडी दिसली की लगेच गोठवून टाकायची, असं अनुभवी लोक सांगतात. ऐकायला निर्दय वाटतं, पण तीनशे पिल्लं एकमेकांचे पाय तोडताना बघण्यापेक्षा बरं. खरवस नर आहे हे वर्षभराने नक्की झालं, तेव्हा मी सुस्कारा सोडला.

आणि हे सगळे घरातले. रानातले जवळपास संपलेत. ते मूळचे मेक्सिको सिटीजवळच्या तलावांतले. चाल्को तलाव आटवला गेला, सोचिमिल्कोचे कालवे तेवढे उरले. तिथे संशोधक लुईस साम्ब्रानो आणि त्यांचे सहकारी जाळी टाकून मोजणी करत आले आहेत. १९९८ मध्ये चौरस किलोमीटरला सुमारे ६००० होते, २००८ मध्ये सुमारे १००, २०१४ मध्ये ३६. एकीकडे शहराचं सांडपाणी, दुसरीकडे लोकांना अन्न मिळावं म्हणून सोडलेले कार्प आणि तिलापिया. हे मासे अंडी आणि पिल्लं फस्त करतात. तिलापिया म्हणजे आपल्या उजनीतली चिलापी, भिगवणला हायवेवर तळून मिळते ती. तीही बाहेरून आणलेलीच, आणि आता धरणात तिचंच राज्य आहे. मेक्सिकोच्या ५० पेसोच्या नोटेवर २०२१ पासून ॲक्सोलॉटल छापलेला आहे. माझ्या टाकीत तो सुखाने जगतो म्हणून रानातला वाचतो असं नाही. पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांत वाढलेले हे प्राणी तिथे नेऊन सोडण्यासारखेही नाहीत. तिथे काही शेतकरी चिनाम्पांच्या, म्हणजे पाण्यातल्या त्यांच्या जुन्या शेतवाफ्यांच्या, कडेचे छोटे कालवे गाळण्या लावून मोठ्या माशांपासून बंद करतात आणि आतलं पाणी जपतात. ते वाचलं तेव्हा वाटलं, या लोकांशी माझं जमेल.

उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा त्यातलं पाणीही मी नळ्यांत घालून बघते. धरणाचं पाणी आमच्याकडे मृदू येतं, टँकरचं बोअरचं जड. जडपणा खरवसला आवडतो, पण एका टँकरमध्ये नायट्रेट लालभडक निघालं. मी ते सोसायटीच्या सभेत सांगितलं. खरवसचं नाव घेतलं नाही, नाहीतर कोणी गांभीर्याने घेतलं नसतं. टँकरवाला बदलला. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास वाढतो, तेव्हा क्लोरीन काढायच्या औषधाचे थेंब मी वाढवते. पुण्याच्या पाण्याचा एवढा अभ्यास मी खरवस नसता तर केला नसता.

लेकीच्या शाळेतल्या एका मुलाच्या वडिलांनी माझं ऐकून एप्रिलमध्ये रिकामी टाकी लावली. रोज दुपारी तीनला थर्मामीटर बघितला, चिलरची किंमत काढली आणि टाकीत गप्पी मासे सोडले. गप्पींना उकाडा चालतो. मुलगा नाराज नाही. गप्पींना पिल्लं झालीत आणि ती वाटायला आता ते मला फोन करतात.

नीट सांभाळला तर ॲक्सोलॉटल दहा-पंधरा वर्षं जगतो. लेक पुढच्या वर्षी कॉलेजला बाहेरगावी जाईल, वसतिगृहात चिलर चालणार नाही, म्हणजे तो माझ्याच निवृत्तीपर्यंत माझ्याकडे. गेल्या दिवाळीत गणपतीपुळ्याला गेलो तेव्हा शेजारच्या काकांना किल्ली दिली. ते निवृत्त इंजिनिअर. मी कागदावर लिहून दिलं होतं: दोन दिवसांआड एक गांडूळ, चिलरवरचा आकडा बघायचा, दुसरं काही करायचं नाही. पहिल्याच रात्री फोन आला. "अहो, साडेअठरा झालंय. काय करू?" मी म्हटलं, "काका, काही करू नका." त्यांनी विचारलं, फिल्टर स्वच्छ धुऊन टाकू का, थोडा काळपट दिसतोय. त्या काळपट स्पंजातच माझी महिना-दीड महिन्याची कमाई बसलेली होती. समुद्रकिनाऱ्यावर उभी राहून मी त्यांना अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट असं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि काका मध्येच म्हणाले, "थांबा, वही आणतो."